हा 'कामगंध' नव्हे!

नारळावरच्या सोंड्या भुंग्यासाठी गंधाचा सापळा मिळतो. त्याला सगळे सरसकट 'कामगंध सापळा' म्हणतात. माझं म्हणणं, नाव चुकलंय. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही, ह्या नावापायी चांगला उभा माड जाऊ शकतो.

बारावीची केमिस्ट्री आठवतेय ना मंडळी? तेवढी पुरे. कामगंध म्हणजे बहुधा मादीने नराला धाडलेला खाजगी निरोप, त्यामुळे तसल्या सापळ्यात फक्त नर येतात. सोंड्याचं तसं नाही. इथे गंध सोडतो नर आणि येतात नर-मादी दोघंही. थोडक्यात, ईमेल नव्हे, ब्रॉडकास्ट! ह्याला 'समूहगंध' म्हणायला हवं. त्यातला मुख्य रेणू 1993 साली ओळखला गेला: 4-मिथाइल-5-नोनॅनॉल, उर्फ फेरुजिनिऑल. दहा कार्बनचं साधंसं अल्कोहोल. बाजारातल्या ल्यूरमध्ये साधारण नऊ भाग हे आणि एक भाग त्याच्याच जोडीचं कीटोन असतं.

हा निरोप वाचतात त्या भुंग्याच्या मिशा. त्या चक्क सोंडेवरच असतात, आणि टोकाच्या गाठीवरचे बारीक केस गंध टिपतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ह्या केसांतल्या गंधग्राहकांना लागणारं 'ऑर्को' नावाचं जनुक दाबून टाकलं, तर भुंग्यांचा ह्या गंधाला मिळणारा प्रतिसाद बराच घटला. हार्डवेअर तेच, ड्रायव्हर काढून घेतला!

आता मुद्दा. मादी येते हा फायदाच; एक मादी पकडली की शे-दोनशे अंडी वाचली. पण आलेला प्रत्येक भुंगा बादलीत पडत नाही. सापळा माडालाच टांगला, तर उरलेल्या माद्यांना आपणच घरचा पत्ता दिला की! शिवाय नुसत्या ल्यूरला भुंगे कमी भुलतात, सोबत आंबलेल्या उसाचा किंवा खजुराचा वास लागतो. ल्यूर काही महिने टिकते, पण हे आमिष दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावं लागतं. ते कोण बदलणार? वॉचमन? सेक्रेटरी? की 'बघू पुढच्या मीटिंगला'?

आमच्या बदलापुरात, शिरगावला काय किंवा आणखी कुठे काय, सोसायटीच्या कंपाउंडला चार-दोन माड असतातच. सापळ्याची नेहमीची शिफारस आहे हेक्टरी 1, म्हणजे अडीच एकरांत एक. एवढ्या जागेत आपल्या कितीतरी सोसायट्या बसतील! म्हणून प्रत्येकाने आपापली बादली टांगणं हा शहाणपणा नव्हे. आजूबाजूच्या सोसायट्यांनी मिळून एकच सापळा लावावा, माडांपासून, विशेषतः कोवळ्या माडांपासून, लांब. आमिष बदलायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकावी. आणि माडावर चढायला खोडात खाचा पाडणं बंद करावं, कारण जखम दिसली की मादी तिथेच अंडी घालते.

एवढं जमणार नसेल तर सापळा न लावलेला बरा. गावजेवणाची दवंडी पिटायची आणि दारात कोणी उभं राहायचं नाही, ह्याला बंदोबस्त म्हणत नाहीत.