काय नाही रे, वाढीचं दुखणं!

आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टींवर प्रत्येक माणूस एक्स्पर्ट असतो. एक म्हणजे पेठेतला फुटबॉल आणि दुसरं म्हणजे दुखणारा गुडघा. फुटबॉलवरचा वाद कट्ट्यावर मध्यरात्रीपर्यंत चालतो. गुडघ्याचा निकाल मात्र दोन मिनिटांत लागतो. ‘काय नाही रे, वाढीचं दुखणं हाय!’

हे वाक्य मीही टाकलंय. कोणाला? तर सख्ख्या भाच्याला.

भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. शाळा सुटली की ग्राउंड, ग्राउंड सुटलं की ग्राउंडच्या गप्पा. मी पुण्यात आयटीत. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून गाडी पकडायची, दोन दिवस ताईकडे मिसळ आणि झोप, सोमवारी पहाटे परत, हा माझा ठरलेला कार्यक्रम. एका शनिवारी तो म्हणाला, ‘मामा, गुडघ्याच्या वर दुखतंय.’ मी लॅपटॉपमधून डोकंही वर काढलं नाही. ‘स्प्रे मार, क्रेप बँडेज गुंडाळ. उंची वाढतीय तुझी.’ विषय संपला.

पुढच्या खेपेला गेलो तोवर तालमीतल्या एका जाणत्या माणसानं तेल लावून मालीश केलं होतं. एका दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या. गोळी घेतली की बरं, संपली की पुन्हा तेच. दाजी म्हणत होते, मॅचमध्ये लागलं असणार. ताई म्हणत होती, परीक्षा जवळ आली की याचं काहीतरी दुखतंच. कारणं प्रत्येकाकडे होती. एक्स-रे कोणीच काढला नव्हता.

त्या रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तर हा हॉलमध्ये अंधारात पाय धरून बसलेला. ‘झोपलं की जास्तच दुखतंय मामा. आईला सांगू नको, उद्या मॅच हाय.’ मोबाईलचा टॉर्च लावून मी त्याला दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला लावले. डाव्या गुडघ्याच्या वरची बाजू उजवीपेक्षा जाड दिसत होती. किती दिवस झाले? ‘दोन महिने तरी.’

मॅच राहिली. सोमवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि त्याचा पहिला एक्स-रे निघाला. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘मालीश बंद. खेळणं बंद, पायावर भार नको. इथं कुणाला सुई घालू देऊ नका, चिरा तर नाहीच नाही. मुंबईला टाटाला जा. आजच निघा.’

बॉस, तोपर्यंत मला हाडाचा कॅन्सर म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी वाटायचं. खरी गोष्ट उलटी आहे. हाडातच सुरू होणारा ऑस्टिओसार्कोमा जास्त दिसतो तो दहा ते वीस या वयात, मुलं झपाट्यानं उंच होत असताना. जागाही बहुतेक ठरलेली. गुडघ्याच्या लगेच वर, लगेच खाली, नाहीतर खांद्याजवळ. म्हणजे जिथं हाड सगळ्यात जोरात वाढतं तिथंच. दुसरा प्रकार युइंग सार्कोमा. तो कमरेच्या हाडात, मांडीत, बरगडीत कुठंही होतो आणि कधी कधी सोबत तापही आणतो. मग सगळे त्याला इन्फेक्शन समजतात.

आता लगेच घाबरू नका. हा आजार दुर्मिळ आहे. ऑस्टिओसार्कोमा वर्षाला दहा लाख मुलांमागे साधारण चार-पाच जणांना होतो. दुखणाऱ्या शंभर गुडघ्यांतले बहुतेक सगळे खरंच खेळून दुखलेले असतात. पण गोची तिथंच आहे. दुर्मिळ म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्यात पोरगं खेळाडू असेल तर लागल्याची एखादी तारीख सापडतेच. मार लागल्यानं हा कॅन्सर होत नाही. मार लागल्यामुळे त्या जागेकडे आपलं लक्ष जातं, इतकंच.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचं हेच झालं. 1976च्या शेवटी त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. त्याआधी त्याच्या गाडीला अपघात झाला होता, त्यामुळे कारण तयारच होतं. बास्केटबॉलचा सीझन संपेपर्यंत त्यानं दुखणं अंगावर काढलं. मार्च 1977मध्ये ऑस्टिओसार्कोमाचं निदान झालं आणि पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. 1980मध्ये कृत्रिम पायावर तो 143 दिवस, 5,373 किलोमीटर धावला, कॅन्सरच्या संशोधनाला पैसे उभे करायला. पण आजार फुप्फुसांत पोचला होता. जून 1981मध्ये तो गेला, बावीस वर्षांचा.

मग वाढीचं दुखणं आणि हे दुखणं ओळखायचं कसं? गंमत अशी की वाढीचं दुखणंही संध्याकाळी-रात्रीच येतं. पण ते बहुतेक दोन्ही पायांत असतं, पोटऱ्यांत किंवा मांड्यांत. अधूनमधून येतं, चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी पोरगं उड्या मारत असतं. याउलट एकाच बाजूला, एकाच जागी, आठवड्यांमागून आठवडे टिकणारं आणि वाढत जाणारं दुखणं, झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, लंगडणं, किंवा साध्या पडण्यानं मोडलेलं हाड, यातलं काहीही असेल तर एक्स-रे. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून सुटलो असं नाही. सुरुवातीला एक्स-रेही साफ दिसू शकतो. दुखणं थांबत नसेल तर पुन्हा काढायचा, नाहीतर एमआरआय.

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून आम्ही परळला पोचलो. टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941पासून तिथं उभं आहे, आणि सकाळी सकाळी तिथली गर्दी बघून पहिल्यांदा कळतं की आपण एकटे नाही. आधी पूर्ण मांडीच्या हाडाचा एमआरआय. मग छातीचा सीटी स्कॅन, कारण हा आजार पहिल्यांदा फुप्फुसांकडे धावतो. आणि मग बायोप्सी.

गावाकडून फोन सुरू. ‘सुई लावू नका, पसरतंय!’ ताई रडवेली. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की तुकडा तपासल्याशिवाय नक्की काय आहे ते ठरत नाही आणि ठरल्याशिवाय औषध ठरत नाही. ऑस्टिओसार्कोमा, युइंग आणि साधं इन्फेक्शन, तिघांचे उपचार वेगवेगळे. मात्र सुई कुठून घालायची हे पुढं ऑपरेशन करणाऱ्या टीमनंच ठरवावं, कारण सुईचा तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढून टाकतात. भलत्या जागी चिरा दिला तर वाचू शकणारा पाय जाऊ शकतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांचं ‘इथं सुई नको’ मला तेव्हा उमगलं.

निदान ऑस्टिओसार्कोमा. छाती साफ. 1970च्या आधी, नुसता पाय कापून, पाचातला साधारण एकच रुग्ण वाचायचा. आता केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो असं केल्यावर, आजार पसरलेला नसेल तर पाच वर्षांनी शंभरातले साठ-सत्तर जण असतात आणि बहुतेकांचा पायही वाचतो. पसरलेला असेल तर हा आकडा निम्म्याहून खाली येतो. मी टाकलेला तो ‘विषय संपला’ किती महागात पडू शकला असता, ते या दोन आकड्यांतून कळतं.

पैशांचं टेन्शन प्रत्येकाला येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो, पहिल्याच दिवशी त्याला गाठा. मुंबईत राहायची सोय नसलेल्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था मोफत खोल्या देतात.

भाच्याच्या मांडीत आता धातूचा सांधा आहे. टॅकल मारायची परवानगी नाही. ठरावीक महिन्यांनी छाती तपासायला परळला जावं लागतं आणि त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी नीट जेवत नाही. पण शाहू स्टेडियमवर मॅच असली की तो माझ्याआधी जाऊन जागा धरतो आणि रेफ्रीला अक्कल शिकवतो.

तुमच्याही घरात एखादा भाचा, पुतणी, धाकटा भाऊ असेल. ‘दुखतंय’ म्हणाला तर लॅपटॉप जरा मिटा. आणि तीनच प्रश्न विचारा. एकाच जागी दुखतंय का? किती आठवडे झाले? रात्री जाग येते का?