तत्काळची कोंडी नेमकी कुठे?

नाशिक रोड स्थानकातील आरक्षण खिडकीवरची रांग टाळण्यासाठी प्रवासी संकेतस्थळाकडे वळला. मात्र सकाळी १० वाजता वातानुकूलित आणि ११ वाजता बिगरवातानुकूलित तत्काळ आरक्षण खुले होताच तेथेही त्याच्या वाट्याला प्रतीक्षाच आली. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘आयआरसीटीसी’च्या या सेवेची क्षमता २०१४ मध्ये मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर नेण्यात आली. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत.

अडथळा केवळ सर्व्हरच्या क्षमतेत नव्हता, हे २०२५ मध्ये रेल्वेने दिलेल्या माहितीवरून स्पष्ट झाले. पहिल्या ५ मिनिटांत लॉगिनचे जवळपास निम्मे प्रयत्न माणसांचे नव्हे, तर स्वयंचलित ‘बॉट’चे होते. त्यांना रोखणारी यंत्रणा बसवण्यात आली, सुमारे २.५ कोटी संशयास्पद खाती बंद झाली आणि २२ मे रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटांचा विक्रम नोंदला गेला. जुलैपासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणीही सक्तीची झाली.

आधी मोजमाप, मग उपाय, हाच यातील धडा. अर्थात, संकेतस्थळ वेगवान झाल्याने गाडीतील आसने वाढत नाहीत. उरलेली कोंडी डब्यांची आहे. ती सर्व्हर बदलून फुटणार नाही.