घास गोड लागत नाही

आपल्या घरात मिठामिरचीचे डबे जितके हाताशी असतात, तितकेच त्यांच्यावरून आलेले शब्दही तोंडाशी असतात. शेजारची हकीगत तिखटमीठ लावून येते, खरं बोललं की कुणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबतात, भांडण मिटलं तरी मनात कडवटपणा उरतो, आणि हौसमौज नसली की संसार अळणी!

खरं तर मिरची ही आपल्याकडची पाहुणीच. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. दुसरी गंमत म्हणजे संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपण मराठीत कटूचं कडू केलं! 'लावण्य' तर 'लवण' म्हणजे मिठावरून आलेलं. म्हणजे सुंदर चेहरा गोड नव्हे, खारट म्हणायला हवा.

असं बोलणाऱ्या आपण एकट्याच नाही बरं का. दक्षिण चीनमधल्या कँटनी भाषेत मत्सर वाटणं म्हणजे 'व्हिनेगर पिणं'. आणि कुणी आपल्यासाठी राबलं की त्याला जो शब्द म्हणतात, त्याचा अक्षरशः अर्थ 'तिखट-कडू'. दिवसभर गॅसपुढे उभं राहिलेल्या बाईला असं कुणी म्हटलं, तर मला वाटतं तिचा अर्धा शीण जाईल.

आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) उसाचा आणि साखर कारखान्यांचा. गोडाला इथे तोटा नाही. गोड बोलण्याची आठवण सगळ्यांना संक्रांतीला करून देतात; बाईकडून मात्र ती अपेक्षा बारा महिने. मग मनातलं कडू जातं कुठे? बहुतेक वेळा 'तोंडाला चव नाही' एवढ्या तीन शब्दांत.

ताप, कावीळ, एखादं औषध यांनीही चव जाते, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावं हे आलंच. पण माझ्या ओळखीतली एक सून महिनाभर 'घास गोड लागत नाही' म्हणत होती. आलं-लिंबू झालं, लोणच्याची बरणी पुढे आली, तपासणीत काही निघालं नाही. शेवटी सासूबाईंनी जवळ बसवून विचारलं, "अगं, घास गोड लागत नाही, की घर?"

तेव्हा ती रडली. वडील गेले तेव्हा तिला माहेरी दोनच दिवस राहता आलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः तिला कोपरगावच्या एस.टी.त बसवून दिलं, चांगलं पंधरा दिवसांसाठी. आणि घरच्या पोळ्या तेवढे दिवस त्यांनीच लाटल्या.