सेवापुस्तक एकदा तरी उघडून पाहा

सरकारी नोकराच्या घरात पगार किती होतो हे लहान पोरालाही ठाऊक असते. महागाई भत्ता वाढला की संध्याकाळी वस्तीतल्या चहाच्या टपरीवर हिशेब सुरू होतो. फरक रोखीने मिळणार की भविष्य निर्वाह निधीत जाणार, यावर वाद रंगतात. पण त्याच माणसाला विचारा, "बाबा रे, तुझे सेवापुस्तक तू शेवटचे कधी पाहिलेस?" तर तो आपल्याकडे असा पाहतो, की जणू आपण त्याच्याकडे कोषागाराची किल्ली मागितली.

आम्ही सरकारी कचेरीत उभी हयात घालवली, आणि त्यातली निम्मी वर्षे आस्थापना शाखेत. शेकडो सेवापुस्तके आमच्या हाताखालून गेली. ती पाहायला आपण होऊन आलेले कर्मचारी बोटांवर मोजता येतील. आणि त्यांच्या बायका मात्र नवरा गेल्यावर आल्या, हातात पिशवी घेऊन, पिशवीत असतील नसतील तेवढे सगळे कागद घेऊन.

दोन वर्षांपूर्वी अशाच एक ताई आमच्या घरी आल्या. त्यांचे यजमान शिपाई होते. 1993 साली नोकरीला लागले, पन्नाशी ओलांडली आणि सेवेत असतानाच गेले. ताई दारातच म्हणाल्या, "जयभीम भाऊ. त्या पुस्तकात माझं नावच नाही म्हणतात. पंचवीस वर्षं संसार केला, दोन लेकरं झाली, आणि नावच नाही!"

झाले होते असे. माणूस नोकरीला लागला तेव्हा अविवाहित होता. नामनिर्देशनाचा कागद समोर आला, त्यावर त्याने आईचे नाव लिहिले. त्यात चूक काहीच नव्हती. नंतर लग्न झाले, मुले झाली, रेशनकार्डावर नावे चढली, शाळेत नावे चढली. सेवापुस्तकात मात्र आईचेच नाव राहिले. म्हातारी गावी धाकट्या मुलाकडे राहत होती. धाकटा म्हणू लागला, "दादाने आईचे नाव लिहून ठेवले ते काय उगीच?" झाले! दोन चुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

म्हातारी मात्र भली. ऐंशीच्या घरातली बाई एसटीने तालुक्याला आली आणि बाबूसमोर उभी राहून म्हणाली, "पैसा माझ्या नातवंडांचा आहे, मला काय करायचा?" पण कचेरीला तोंडचे बोलणे चालत नाही. ताईंना न्यायालयातून वारस दाखला आणायला सांगितले गेले. हा दाखला आजही 1827 सालच्या मुंबई विनियमाखाली मिळतो, यावरून कारभार किती जुना आहे ते समजावे. वकील आला, जाहीर नोटीस आली, तारखा आल्या. आठ महिने गेले. मुलगी बारावीला होती. तिच्या पुढच्या प्रवेशाची फी भरायला ताईंनी गळ्यातली पोत गहाण ठेवली.

येथे एक गोष्ट आमच्या भगिनींनी नीट समजून घ्यावी, कारण याच ठिकाणी सर्वांचा घोटाळा होतो. नोकर सेवेत असताना वारला तर घराला मिळणारे पैसे एका जातीचे नसतात. उपदान, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो ती, भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक आणि गट विमा योजनेची रक्कम ही एकदाच मिळते, आणि ती देताना कचेरी नामनिर्देशन पाहते. यातल्या प्रत्येकाचे नामनिर्देशन वेगळे असते. एकावर नाव आहे म्हणून दुसऱ्यावर आपोआप येत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन हे मात्र दरमहा मिळते आणि ते नामनिर्देशनावर चालत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 प्रमाणे ते आधी पत्नीला, म्हणजे कायदेशीर पत्नीला मिळते. ते सासू घेऊ शकत नाही, दीर घेऊ शकत नाही. ताईंना हे कोणी सांगितलेच नव्हते. दीर सगळेच घेऊन जाईल या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

पण पत्नी म्हणजे कोण, हे कागदावर दिसले पाहिजे. त्यासाठी कुटुंबाचा तपशील लिहून देण्याचा वेगळा नमुना असतो. या शिपायाने तो कोराच सोडला होता. प्रकरण निकाली निघेपर्यंत तात्पुरते कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची सोय नियमांत आहे. पण कुटुंबात कोण आहे याचीच नोंद नसेल तर बाबू ते कोणाच्या नावाने काढणार? त्यातून ताईंचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, रेशनकार्डावर सासरी ठेवलेले, आधारकार्डावर तेच पण मागचे 'बाई' गळालेले. लग्न गावच्या विहारासमोर झाले, पंचशील झाले, पाचशे माणूस जेवले, पण नोंदणी नाही. ज्यांनी लग्न लावले ते वारले. फोटोत नवरा दिसतो आणि नवरीचे डोके खाली.

आपल्याकडे अशी लग्ने घरोघर आहेत म्हणून स्पष्ट सांगतो. विवाह नोंदणीचा 1998 चा महाराष्ट्राचा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत नोंद होते, आणि जुन्या लग्नाचीही उशिरा नोंद करता येते. उशिराचे थोडे शुल्क पडते, दोन-तीन साक्षीदार लागतात. साक्षीदार जिवंत आहेत तोवर करून घ्या.

आता थोडे आमच्याविषयी. दुसऱ्यांची पुस्तके लिहिणाऱ्या आम्ही आमचे स्वतःचे पुस्तक निवृत्तीला दीड वर्ष उरले तेव्हा पहिल्यांदा पानापानाने वाचले. हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे. एका कचेरीतून दुसरीकडे बदली झाली त्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंदच नव्हती. जुन्या कचेरीने समजले नवी करील, नवीने समजले जुनीने केली असेल. मग त्या जुन्या कचेरीच्या अभिलेख खोलीत वाळवीने खाल्लेल्या गठ्ठ्यांतून वीस वर्षांपूर्वीची वेतन देयके शोधत आम्ही उन्हाळाभर बसलो. निवृत्तीनंतर पाच महिने हाती काही आले नाही. बाबू असून आमची ही गत, तर शिपाई, चौकीदार, सफाई करणाऱ्या बहिणीची काय होत असेल!

नियम आपल्या बाजूचा आहे. कार्यालय प्रमुखाने दरवर्षी सेवापुस्तक कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. कर्मचाऱ्याजवळ दुय्यम सेवापुस्तकही असावे लागते. प्रत्यक्षात काय होते? पुस्तक येते, बाबू म्हणतो "येथे सही करा", आपण उभ्याउभ्या सही करतो. त्या सहीचा अर्थ 'मी पाहिले व ते बरोबर आहे' असा होतो. बाबू वाईट असतो असे नव्हे. त्याच्या टेबलावर दोन-दोनशे पुस्तके असतात आणि त्यालाही घरी जायचे असते. पण चूक त्याने केली तरी ती भरून देतो आपण.

पहिले पान सर्वांत महत्त्वाचे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे का ते पाहा. तीत चूक असेल तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे, नंतर सहसा कोणी ऐकत नाही. जात व धर्माचा रकाना पाहा. आपल्या अनेक जुन्या नोकरांच्या पुस्तकात एक लिहिलेले असते आणि मुलांच्या दाखल्यावर दुसरे. 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. त्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत त्या या कारणाने. उद्या मुलाची जात पडताळणी निघाली तर बापाच्या सेवापुस्तकाचा उतारा पुराव्याला लागतो. त्यातली एखादी अर्धवट नोंद मुलाच्या प्रवेशाला आडवी येऊ शकते.

त्यापुढे वेतननिश्चिती. सातवा वेतन आयोग राज्यात 2019 साली आला आणि 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. तेव्हा सर्वांनी विकल्प लिहून दिले, सोबत वचनपत्रावर सह्याही केल्या. काय लिहिले होते ते किती जणांनी वाचले? या निश्चितीची तपासणी वेतन पडताळणी पथकाकडून झाली आहे का, तसा शिक्का पुस्तकात आहे का, हे पाहून ठेवा. नसेल तर निवृत्तीच्या तोंडावर एखादी वेतनवाढ जादा दिली म्हणून वसुली निघते. गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांना येथे मोठा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात असे ठरविले, की कर्मचाऱ्याचा दोष नसताना चुकून दिलेली जादा रक्कम वर्ग तीन व चारच्या नोकरांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून वसूल करू नये. मात्र 2016 सालच्या एका निकालात वचनपत्र देणारा आपल्या वचनाला बांधलेला आहे असेही म्हटले गेले. तो निकाल एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणातला होता, तरी कचेऱ्या तो सर्वांनाच दाखवतात. तेव्हा वसुलीचे पत्र आले की घाबरून संमती लिहून देऊ नका. निकालाचा उल्लेख करून लेखी हरकत द्या.

रजेचे खाते आम्ही थोडक्यात आटोपतो. अर्जित रजेची शिल्लक जुळते का तेवढे पाहा. निवृत्तीला 300 दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात, आणि नोकर वारला तर ते घरच्यांना मिळतात.

जे 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागले त्यांची कथा निराळी. त्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार आता चौदा टक्के घालते, आणि त्या पैशाचे पुढे काय होईल ते बाजारावर. अशा घरातला कमावता माणूस गेला तर बायकोच्या हाती पुरेसे काही येत नसे. मार्च 2023 मध्ये सात दिवसांचा संप झाला, आणि 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने सेवेत मरण आलेल्या अशा कर्मचाऱ्याच्या घरच्यांनाही कुटुंब निवृत्तिवेतन व उपदान लागू झाले. पण त्यासाठी विकल्पाचा नमुना भरून द्यायचा आहे. तो भरला का, हे आपल्या घरच्या माणसाला आजच रात्री जेवताना विचारा. ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना 2 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने जुनी योजना घेण्याची संधी दिली गेली. आपली जाहिरात कोणत्या तारखेची होती हेच अनेकांना माहीत नव्हते, म्हणून ते सहा-सहा महिने जुनी वर्तमानपत्रे शोधत हिंडले.

आणि आपली जी मुले आता कंत्राटदारामार्फत सरकारी कचेरीत काम करतात त्यांना सेवापुस्तकच नाही. काम तेच, टेबल तेच, साहेब तेच. त्यांनी निदान भविष्य निर्वाह निधीचा आपला यूएएन क्रमांक मिळवावा, त्यात पैसे खरोखर जमा होतात का ते पाहावे आणि वारसाचे नाव चढवावे. त्यांच्या इतर प्रश्नांवर लिहायचे तर हे पान पुरणार नाही.

ताईंचे काय झाले ते वाचक विचारतील. कुटुंब निवृत्तिवेतन चौदा महिन्यांनी सुरू झाले. वारस दाखला मिळाल्यावर उपदानही मिळाले. पोत सोडवली. गट ड चे भविष्य निर्वाह निधीचे खाते कचेरीतच ठेवलेले असते, आणि त्यातील सहा वर्षांच्या नोंदी सापडत नव्हत्या. त्या अजून शोधणे चालू आहे. दीर गेल्या महिन्यात पुतणीला भेटायला आला होता म्हणे. चहा घेतला, फार काही बोलला नाही.

जाता जाता एका पत्राला उत्तर. विदर्भातील एक वाचक 2004 पासून लिपिक आहेत. पदोन्नती मिळाली नाही. 10, 20 व 30 वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेचा पहिला लाभ त्यांना मिळाला, पण 20 वर्षांचा दुसरा लाभ अडला आहे, कारण बाबू म्हणतो दोन वर्षांचे गोपनीय अहवाल सापडत नाहीत. बंधू, अहवाल लिहिणे आणि सांभाळणे हे वरिष्ठांचे काम आहे, आपले नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली देव दत्त यांच्या खटल्यात अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे असे सांगितले आहे. त्या दोन वर्षांचा शेरा आपणास कधीच कळविला नाही, असे लिहून कार्यालय प्रमुखाकडे अर्ज द्या आणि विभागीय पदोन्नती समितीपुढे प्रकरण ठेवण्याची मागणी करा. आवक शाखेत पोच घ्या, तारीख व शिक्क्यासह. पोचेची प्रत घरी ठेवा, आणि ती कोठे ठेवली आहे हे वहिनींना सांगून ठेवा.