चित्र खरे, पण अपुरे

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. औरंगपुऱ्यात आमच्या वहिनींचा फराळाचा लहानसा व्यवसाय आहे. चकल्या, अनारसे, चिवडा, लाडू आणि बारा महिने थालीपिठाची भाजणी. हिशेबाची वही माझ्याकडे. निवृत्त माणसाला घरात एवढे एकच मानाचे खाते मिळते!

पुतण्या नुकताच वाणिज्य शाखेचा पदवीधर झालेला. त्याने वर्षाची विक्री संगणकात भरली आणि एक रंगीत वर्तुळालेख आमच्यापुढे ठेवला. पुरणपोळीचे तुकडे करावेत तसे विक्रीचे भाग. चकलीचा तुकडा अर्ध्याच्या घरात. भाजणीचा इतका बारीक, की त्यावर नावसुद्धा मावेना.

"काका, भाजणी बंद करू या," तो म्हणाला. "मग मावशींनाही वर्षभर ठेवायला नको. दिवाळीपुरतं बोलावू."

मावशी चौदा वर्षे आमच्याकडे भाजणी भाजतात. वहिनी काहीच न बोलता आत गेल्या. मलाही उत्तर सुचेना. चित्रात खोटे काही नव्हते. आकडे तर माझ्याच हातचे!

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात जायकवाडीचा साठा वाचीत होतो. १९७६ साली राष्ट्रार्पण झालेल्या या धरणाचे पाणी आमचे शहर पिते. म्हणून इथे पुष्कळ घरांत चहाआधी टक्के वाचतात. चाळीस टक्के हा आकडा जुलैत आला तर आम्ही हसतो, मार्चात आला तर घरातली पिंपे मोजतो. आकडा तोच, महिना कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मनात आले, भाजणीला तिचा महिना कुणी विचारला?

पुतण्याला प्रत्येक पदार्थाची महिनावार रेषा काढायला सांगितली. चकलीची रेषा गणपतीत जरा उठली, दिवाळीत आभाळाला भिडली आणि एरवी जमिनीवर निजली. भाजणीची रेषा मात्र वर्षभर सारखी चालत होती. फेब्रुवारी ते जुलै जागेचे भाडे तीच भरीत होती!

हे आलेखांचे शास्त्र तसे जुने. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी दाखवले. स्कॉटलंडचे मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने स्तंभ उभे केले. वर्तुळालेखही त्याचाच, १८०१ सालचा. म्हणजे आकडे कोणते आणि विचारायचे काय, यावरून चित्र ठरते.

काळाबरोबर होणारा बदल पाहायचा तर रेषा. तुलना करायची तर स्तंभ. पण ते शून्यापासून मोजावेत, नाहीतर बोटभर फरक हातभर दिसतो. एका पूर्णाचे वाटे दाखवायचे तर वर्तुळ. तेही वाटे तीनचारच असतील तर. रंग शेवटी.

"काका, माझं चित्र चुकलं," पुतण्या म्हणाला.

"चित्र नाही रे, प्रश्न चुकला. आपण कोण जास्त विकतं ते विचारलं; घर कोण चालवतं ते विचारलंच नाही."

मावशींना यातले काही ठाऊक नाही. यंदाही त्या भाजणी भाजताहेत, आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो आहे.