शब्दांचे शिवार : बटाट्याचे दूरचे नाव



युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा लहानसा देश आहे. आपल्या घरी भाकरीशिवाय जेवण नाही, तसे तिकडच्या शेतकऱ्याचे बटाट्याशिवाय पान हलत नसे. बटाट्याला ते लोक ‘कार्तुल’ म्हणतात. आज या नावाची कुळकथा ऐका.

त्या मुलखात शेकडो वर्षे जमीनदार जर्मन आणि राबणारा एस्टोनियन, अशी रीत होती. अठराव्या शतकात बटाटा आला तो या जमीनदारांकडूनच. जर्मन भाषेत त्याला ‘कार्टोफेल’ म्हणतात. हे लांबलचक नाव कुळांच्या जिभेवर बसेना. त्यांनी ते आखूड करून ‘कार्तुल’ केले. सारेमा बेटावर तर नावाचे डोकेच उडाले. तिथल्या बोलीत बटाटा झाला ‘तुहलिस’.

पुढे वेठबिगारी 1816 व 1819 च्या कायद्यांनी उठली, तरी जमीन धन्याचीच राहिली. धन्याचा बटाटा त्याच्या दारूभट्टीत जाई. कुळाचा बटाटा लेकरांच्या पोटात जाई. परक्याचे पीक असे घरचे झाले, आणि नावही घरचे झाले.

आता गंमत पाहा. जर्मनांचा ‘कार्टोफेल’ हा शब्दही उसनाच, इटलीकडचा. मातीखाली वाढणाऱ्या एका अळंबीचे ते नाव. बटाटाही मातीतूनच निघतो, म्हणून त्याला तेच नाव चिकटले.

आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? ‘बटाटा’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. तो मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ चक्क रताळे! म्हणजे तिकडे अळंबीचे नाव बटाट्याला, इकडे रताळ्याचे.

नवे पीक दारी आले की माणूस त्याला ओळखीचे नाव देतो. बियाणे कोणाच्या हातून आले, हे त्या नावात जपून राहते. कागदावर नसलेला इतिहास असा जिभेवर टिकतो.

म्हणून एक करा. घरातल्या आजी-आजोबांना जुन्या ज्वारीची, भाताची, वालाची, रानभाज्यांची नावे विचारा आणि मुलांच्या वहीत लिहून ठेवा. नाव विसरले, की ते बियाणे मागणाराही उरत नाही.