नेरळची गाडी आणि पीरभॉय

सुट्टीत मुलांना कुठं न्यायचं, याची उत्तरं आपल्या घरांमध्ये ठरलेली असतात. अजमेर, हाजी मलंग, महाबळेश्वर, नाहीतर खालाचं गाव. यंदा आम्ही गाडी काढली आणि जुन्या रेल्वे पाहत फिरलो. नेरळ, माथेरान, पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय, मग कुर्डुवाडी. मुलांना इंजिनं पाहायची होती. मला मात्र एका माणसाबद्दल लिहायचं आहे.

माथेरानची गाडी कुणी बांधली, असं डब्यातल्या कुणालाही विचारा. ‘ब्रिटिशांनी’ असंच उत्तर येतं. ते बरोबर नाही. ही रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बोहरा उद्योगपती, गिरणीचे आणि धारावीतल्या टॅनरीचे मालक. माथेरानला वर जायला घोडा किंवा पालखी मिळाली नाही, म्हणून चिडून त्यांनी रेल्वेच बांधायची ठरवली, असं सांगतात. सांगतात एवढंच! श्रीमंतांच्या प्रत्येक कामामागे अशी एक गोष्ट जोडलेली असतेच. पण 1904 ते 1907 या काळात लेकानं नेरळला मुक्काम ठोकून काम करून घेतलं आणि त्यावर बापाचे सुमारे 16 लाख रुपये खर्च झाले, ही नोंद पक्की आहे. रुळांमधलं अंतर जेमतेम 2 फूट, लांबी सुमारे 20 किलोमीटर, आणि चढ असा की काही ठिकाणी 20 फूट पुढं गेलं की गाडी 1 फूट वर चढते. 22 मार्च 1907 ला ती सुरू झाली.

हे सांगितलं की आपल्यातले काही जण लगेच खूश होतात. व्हॉट्सअॅपवर ‘मुसलमानांचं देशासाठी योगदान’ नावाची जी यादी फिरते, तिच्यात ताजमहालाखाली आणखी एक ओळ वाढते. मला त्या यादीचा कंटाळा आला आहे. सतत हिशेब दाखवत राहायला आपण कुणाचे भाडेकरू आहोत का? आणि यादीत बसवायचं म्हटलं की माणूस कापावा लागतो. ज्या वर्षी मार्चमध्ये ही गाडी धावली, त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं पहिलं वार्षिक अधिवेशन झालं. त्याचे अध्यक्ष होते हेच सर आदमजी. यादी करणारा ही ओळ गाळणार, आणि ज्याला पीरभॉय नकोच आहेत तो फक्त तेवढीच ओळ वाचणार. तेव्हाची लीग म्हणजे सरकारदरबारी अर्ज-विनंत्या करणाऱ्या प्रतिष्ठितांची संघटना होती. पाकिस्तानचा ठराव 33 वर्षं पुढं होता. मी मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. थोरलीनं विचारलं, ‘मग ते चांगले होते की वाईट?’ मी म्हटलं, त्यांनी रेल्वे बांधली आणि ते लीगचे अध्यक्षही होते. तिचं समाधान झालं नाही. होऊही नये.

कुर्डुवाडीला जायचं कारण एव्हरार्ड कॅलथ्रॉप. माथेरानच्या तीव्र वळणांवर चालतील अशी इंजिनं ज्याच्या सल्ल्यानं आली, तो हा इंग्रज इंजिनिअर. आणि त्यानंच 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, जी 1906 ला पंढरपूरला पोचली. म्हणजे एकीकडे मुंबईच्या बोहऱ्याच्या पैशातून हवा खायला जाणाऱ्यांची गाडी, दुसरीकडे वारकऱ्यांची गाडी, आणि डोकं एकच. बार्शीची छोटी लाइन आता गेली, तिथं मोठी लाइन आली. सोय झाली, तक्रार नाही. पण पाहण्यासारखं फार काही उरलेलं नाही, आणि धाकटा तिथं स्पष्टपणे वैतागला.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरान नाही. पहिल्या तीन सरकारी दिमाखाच्या वाटतात. आपली मात्र ‘टॉय ट्रेन’, सेल्फीपुरती. 2005 च्या पुरात ती वाहून गेली, दोन वर्षांनी उभी राहिली. 2019 च्या पावसात पुन्हा वाहून गेली, ती 2022 ला सुरू झाली. खेळण्यासाठी कुणी इतका खटाटोप करत नाही. तिचं वाफेचं एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, पण ते पाहायला 1400 किलोमीटर जाण्यापेक्षा आधी नेरळला जा.

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा. पावसात नेरळकडचा भाग बंद असतो. मोटार दस्तुरीला ठेवावी लागते, कारण पुढं गावात मोटारींना बंदी आहे. तिथून अमन लॉज ते माथेरान गाडी मिळते, पण मुलांना खरी मजा नेरळहून चढण्यात आहे. तिकिटं कमी असतात. सकाळी लवकर रांगेत उभे राहा.